दिवसाला एकच नाम

सूतगिरणीतली यंत्रे कुठे गेली, एवढेच मला त्यांना विचारायचे होते. मी तेव्हा यवतमाळला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होतो. बोंडअळीने कापूस खाल्ला त्या वर्षीची गोष्ट. रोजच्या पानावर कापसाची निदान एक बातमी असायची. बंद पडलेल्या गिरणीतले जुने फिटर म्हणून कोणीतरी मला त्यांचा पत्ता दिला होता.

दार त्यांनीच उघडले. माझे ओळखपत्र दोन्ही बाजूंनी वाचले आणि विचारले, "पेपरवाले, तुमी रोज कापसावर लिहता. कापूस बाई हाय का गडी?"

मी म्हणालो, मराठीत पुल्लिंगी.

"जर्मनीत बाई हाय. डी बाउमवोले. बाउम म्हंजे झाड, वोले म्हंजे लोकर. झाडाची लोकर. आता अनेकवचन सांगा."

मी अंदाजाने काहीतरी सांगितले.

"नाईच हाय. एक बोंड असो का बंडीभर असो, डी बाउमवोले. हा शब्द तीन माणसांसमोर वापरून या. मंग गिरणीचं सांगतो."

बातमीसाठी मी याहून विचित्र अटी मान्य केल्या आहेत. चहाच्या टपरीवर मी तो शब्द उच्चारला. मालकाने चहा दिला. बाजार समितीतल्या एका अडत्याने विचारले, "कायचं मशीन हाय?" कृषी केंद्राच्या दुकानदाराने मात्र गंभीरपणे सांगितले, "ते वाण अजून इकडं आलं नाई, भाऊ. पुढच्या हंगामात येईन."

दुसऱ्या दिवशी हे सांगितल्यावर ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मग गिरणीची सगळी माहिती त्यांनी चाळीस मिनिटांत, तारीखवार दिली. बातमी दोन कॉलम लागली. त्यानंतर त्यांच्याकडे माझे काही काम उरले नव्हते, तरी मी जात राहिलो. तिथे तासभर कापसाविषयी फक्त एवढेच बोलले जायचे की तो स्त्रीलिंगी आहे.

गिरणीने जर्मन यंत्रे घेतली तेव्हा ती बसवायला एक जर्मन अभियंता आला होता. तो आठ महिने राहिला. त्याच्या हाताखाली यांची नेमणूक झाली. पहिल्या दिवशी यांनी पाना मागितला. अभियंत्याने पान्याचे जर्मन नाव सांगितले, यांनी ते म्हटले. पण नावाआधीचे, लिंग दाखवणारे 'डेर' म्हटले नाही, म्हणून पाना मिळाला नाही. दुपारी 'डेर'सकट मागितला तेव्हा मिळाला. पुढे गिरणीने यांना सहा महिने जर्मनीत प्रशिक्षणाला पाठवले. तिथून त्यांनी एक शब्दकोश, एक लोकरीची टोपी आणि ही सवय आणली. टोपी यवतमाळच्या उन्हात निरुपयोगी ठरली. सवय टिकली.

जर्मन भाषेत प्रत्येक नामाला तीनपैकी एक लिंग असते आणि ते अर्थावरून ओळखता येत नाही. पुल्लिंगाला डेर, स्त्रीलिंगाला डी, नपुंसकलिंगाला दास. हे समजावण्यासाठी त्यांनी घरातल्या वस्तूंना गिरणीतल्या रंगीत, रिकाम्या बॉबिनी दोऱ्याने बांधल्या होत्या. डेरला निळी, डीला तांबडी, दासला हिरवी. फ्रिजला निळी लटकत होती, दाराला तांबडी, खिडकीला हिरवी. दार उघडले की बॉबिन वाजायची. पोळपाटाला बॉबिन नव्हती, कारण त्याचे नाव शब्दकोशात सापडत नव्हते.

"माह्या पोळपाटाले त्यायच्या जर्मनीत नाव नाई," त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या काकू म्हणायच्या, "अन् मले सांगतात, लई पुढारलेले लोक हायेत."

"पोळ्या करत नाईत ते लोक."

"मंग कायचे पुढारलेले?"

यावर ते शब्दकोश पुन्हा चाळू लागत.

संध्याकाळी सहा ते सात त्यांची शिकवणी असे. दिवसाला एकच नाम. गिरणी बंद पडली तेव्हा कोऱ्या कार्डांचे दोन गठ्ठे त्यांच्याकडे राहून गेले होते. गिरणीत प्रत्येक यंत्राचे असे एक कार्ड असे. यंत्राचे नाव, विभाग, बसवल्याची तारीख, काम, दोष, दुरुस्ती, फिटरची सही. तेच कार्ड ते प्रत्येक नामासाठी उघडत. विभागाच्या जागी लिंग, कामाच्या जागी अर्थ आणि वापर. दोषाच्या रकान्यात विद्यार्थ्याने केलेली प्रत्येक चूक तारखेसह येई. शब्द बाहेर तीन माणसांसमोर वापरल्याशिवाय कार्डावर सही होत नसे. माझ्या बाउमवोलेच्या कार्डावर दुरुस्तीच्या रकान्यात लिहिले होते : 'अनेकवचन करण्याचा प्रयत्न. समज दिली.'

विद्यार्थी तीन होतो. एक मी. दुसरे चौकातले मेडिकलवाले भाऊ. त्यांना जर्मन कशासाठी हवे होते ते त्यांनी कधी सांगितले नाही; दुकानात बसून कंटाळा येतो, एवढेच म्हणत. त्यांची चूक कधी चुकत नसे. तीन लिंगांपैकी योग्य ते वगळून ते उरलेल्या दोहोंतले एक निवडत. डोळे मिटून निवडले असते तरी अधूनमधून बरोबर आले असते, असे शिक्षक त्यांना तोंडावर सांगत.

तिसरी करुणा. तिच्यासाठीच खरे तर वर्ग चालू होता.

करुणा आर्णीची. आई अंगणवाडी सेविका, वडील एसटीच्या कार्यशाळेत. नर्सिंग करून ती यवतमाळच्या एका खासगी रुग्णालयात नोकरीला होती. जर्मनीतल्या एका रुग्णालयाने तिला प्रशिक्षणासाठी जागा देऊ केली होती; अट एकच, भाषेची ठरावीक पातळीची परीक्षा पास व्हायची आणि प्रमाणपत्र मुदतीत पाठवायचे. सुरुवातीचे जर्मन ती नागपुरात शिकून आली होती. पुस्तक आणि मोबाइलवरून बाकीचे शिकत होती. बोलायला मात्र यवतमाळात एकच माणूस होता, आणि त्याचे जर्मन सूतगिरणीचे होते. त्यांना सूत कातणाऱ्या चात्यांचे, पट्ट्यांचे आणि तेलाच्या डब्यांचे शब्द येत. बँडेजला काय म्हणतात ते माहीत नव्हते.

"मी शिकवतो तसं तू पण शिकव," ते तिला पहिल्याच दिवशी म्हणाले. "दवाखान्याचं सामान तू आण. लिंग मी तपासतो."

त्यामुळे तिथे दोन्ही बाजूंनी शिकवणी चाले. 'डेर फाडेन' म्हणजे धागा, हे त्यांनी तिला दिलेले नाम. बोलता बोलता मुद्दा सुटला तर जर्मन माणूस 'धागा हरवला' म्हणतो, हा वापर त्यांनी कार्डावर लिहिला होता. दुसऱ्या दिवशी तिने सांगितले की जखमेचे टाकेही फाडेनच. डॉक्टर टाके काढतात तेव्हा जर्मनीत धागेच ओढतात. त्यांनी शब्दकोशात पाहिले, पुन्हा पाहिले, आणि कार्डावर ओळ वाढवली : 'टाका. करुणाने दाखवले.' पुढे सही तिची घेतली.

तीन माणसांची अट तिने वॉर्डात भागवली. इंजेक्शनच्या सिरिंजला जर्मनमध्ये 'डी श्प्रित्से' म्हणतात. सुई टोचण्याआधी ती ते शांतपणे म्हणायची. तिसऱ्या दिवशी घाटंजीकडच्या एका आजीबाईंनी दुसऱ्या नर्सकडून इंजेक्शन घ्यायला नकार दिला. "ते मंत्र म्हणणारी पोट्टी पाठवा," त्या म्हणाल्या. "थे म्हणते तवा दुखत नाई." त्या आठवड्यात वॉर्डातल्या आणखी दोघींनी तीच मागणी केली. मुख्य परिचारिकेने करुणाला बोलावून विचारले, हे काय आहे? करुणाने सांगितले, स्त्रीलिंगी नाम आहे. मुख्य परिचारिकेने प्रकरण तिथेच मिटवले.

वर्गाचा एक नियम मात्र मला पहिल्यापासून कडक वाटत होता. सूत कातताना धागा तुटला की तो तसाच सोडत नाहीत. तिथल्या तिथे चाती थांबवून जोडतात. वर्गात कोणी नाम लिंगाशिवाय किंवा चुकीच्या लिंगाने बोलले, की ज्याच्या कानावर पडेल त्याने हात वर करायचा आणि 'फाडेन!' म्हणायचे. बोलणारा वाक्याच्या मधोमध थांबे. दुरुस्ती होई. मगच वाक्य पुढे. मेडिकलवाले भाऊ बोलायला लागले की एका वाक्याला दहा मिनिटे जात.

नियम काकूंनाही लागू होता.

"चहा ठेवू काय?"

हात वर. "फाडेन! डेर टे."

"डेर असो का फेर, घेता का नाई, तेवढं सांगा."

करुणा या नियमात सगळ्यांत तरबेज झाली. तिचा हात गुरूच्या आधी वर जाऊ लागला. ते समाधानाने आमच्याकडे पाहत. "हिले चूक ऐकू येते," म्हणत. "मले आता डाव्या कानानं काई येत नाई, गिरणीनं खाल्ला तो. हिचे दोन्ही कान साबूत हायेत."

परीक्षा पुण्याला होती. तोपर्यंत करुणाने रुग्णालयात राजीनाम्याची नोटीस दिली होती. परीक्षा देऊन ती परत आली त्या संध्याकाळी आम्ही चौघेही बसलो होतो. तिने जे सांगितले ते मी जवळपास शब्दशः देतो.

"वाचन, लेखन, ऐकणं, सगळं मस्त गेलं, काका. मंग बोलायची परीक्षा. त्यात दोघादोघांना बसवतात. माह्या संग पुण्याची पोरगी होती. दवाखान्यात मैत्रिणीला भेटायला जायचं, काय न्यायचं ते दोघींनी ठरवायचं होतं. ते म्हणाली, एक फूल नेऊ, पण म्हणताना तिनं लिंग चुकवलं. माहा हात वर गेला."

"अन्?"

"फाडेन म्हणाली मी."

काकूंनी पदर तोंडाला लावला.

"तिले समजलं का?"

"कायचं समजते? ते घाबरून परीक्षक मॅडमकडं पाहून राह्यली. मी म्हटलं, डी ब्लूमे. ते पुन्हा बोलली, पुन्हा चुकली. पुन्हा हात गेला. मी हात खाली ओढून राह्यली होती, काका, पण तो जाऊनच राह्यला होता. शेवटी मॅडमच म्हणाल्या, चला, विषय क्रमांक दोन. त्यायनं 'विषय'च्या आधी काई लावलं नाई."

"ते चालते तिथं," ते हळूच म्हणाले.

"ते मले माहीत हाय. हाताले माहीत नव्हतं."

मेडिकलवाले भाऊ एवढे हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. करुणाही हसली. हसले नाहीत ते एकटे शिक्षक.

तीन आठवड्यांनी निकाल आला. तीन भागांत उत्तम गुण. बोलण्यात नापास. कारण निकालात दिलेले नव्हते. ते आम्हाला माहीत होते. नापास झालेला भाग तेवढा पुन्हा देता येत होता आणि मुदतीआधीची एक तारीख शिल्लक होती. ती चुकली तर जागा दुसऱ्या उमेदवाराला जाणार होती. नोटीस मागे घ्यायची वेळ टळून गेली होती. तिच्या जागेवर रुग्णालयाने नवी नर्स घेतली होती.

दोन दिवस वर्ग भरला नाही. तिसऱ्या दिवशी ते माझ्या कार्यालयात आले. यापूर्वी कधी आले नव्हते. समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी विचारले, "पेपरवाले, पुढारी तुमच्यासमोर चुकीचं बोलला तर तुमी काय करता?"

"बोलू देतो."

"मधात थांबवत नाई?"

"थांबवलं तर तो पुढचं बोलत नाही. आपल्याला पुढचं हवं असतं."

त्यांनी टेबलावरच्या फायली एका रेषेत लावल्या. मग म्हणाले, "पोरीचं जर्मन मीच बिघडवलं." मी काहीतरी बोलणार होतो. त्यांनी हात वर केला, पण शब्द उच्चारला नाही.

त्याच संध्याकाळी वर्गात नवा नियम जाहीर झाला. परीक्षेपर्यंत कोणाचीही चूक कोणीही थांबवायची नाही. करुणाने रोज एक तास चुकीचे जर्मन बोलणाऱ्या माणसाशी बोलायचे, त्याचे वाक्य पूर्ण होऊ द्यायचे, त्याला पुढचा प्रश्न विचारायचा. चुकीचे जर्मन बोलणारा माणूस बाहेरून आणावा लागणार नव्हता. मेडिकलवाले भाऊ इतक्या महिन्यांत प्रथमच पहिल्या खुर्चीवर बसले.

पहिला प्रयोग चार मिनिटे चालला. भाऊंनी सहलीला जाण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात रेल्वे, डबा आणि छत्री या तिन्हींचीही लिंगे बदलली. करुणाने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते. तिने ऐकून घेतले. छत्रीला शिक्षक उठले, मागच्या दाराने परसात गेले आणि लिंबाच्या झाडासमोर उभे राहून तिन्ही शब्द योग्य लिंगासह मोठ्याने म्हणाले. शेजारची बाई कुंपणाशी येऊन काकूंना विचारू लागली, "काहून व, काका कोणावर ओरडून राह्यले?"

"झाडावर," काकू म्हणाल्या. "घरात मनाई हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. गिरणीत बहिरा झालेला डावा कान भाऊंच्या बाजूला आला. तो तास शांततेत पार पडला. शेवटी करुणा म्हणाली, "काका, हे चिटिंग हाय. तुमी ऐकूनच नाई राह्यले."

"तुले शिकायचं हाय. मले कायले?"

"तुमचा हात वर नाई गेला, तर माहा नाई जाणार. मी तुमच्याकडं पाहूनच शिकली ना."

त्यांनी उठून खुर्ची परत फिरवली आणि तिच्यासारखेच दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसले. उरलेले सगळे दिवस ते तसे बसले. भाऊ बोलत, करुणा ऐके, विचारे, पुढे नेई. आणि हा गृहस्थ घाम पुसायलाही हात बाहेर काढत नसे. काकू मधूनमधून येऊन त्यांचे कपाळ पदराने पुसून जात. मी पत्रकार म्हणून पुष्कळ उपोषणे पाहिली आहेत. त्यातली बरीच याहून सोपी होती.

तिसऱ्या आठवड्यात एक गोष्ट घडली. भाऊ दवाखान्याविषयी बोलत होते. कोणी थांबवत नाही म्हटल्यावर ते हल्ली सलग बोलू लागले होते. चुका तेवढ्याच होत्या, पण त्यांच्या मागे एक माणूस दिसू लागला होता. त्या दिवशी त्यांनी मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितले की त्यांची एकुलती एक मुलगी जर्मनीत राहते, तिथेच लग्न झाले आहे, आणि नातवाला मराठी येत नाही. करुणाने विचारले, नातू किती वर्षांचा आहे? भाऊंनी उत्तर दिले. त्यात दोन चुका होत्या. शिक्षकांचे हात मांडीखालीच होते. पण मला वाटते, त्या वेळी ते दाबून धरलेले नव्हते.

करुणा पुन्हा पुण्याला जाऊन आली. कसे गेले ते तिने सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. मुदत संपायला चार दिवस उरले असताना, भर दुपारी, तिचा मला फोन आला की काकांकडे या. मी पोहोचलो तेव्हा ती दारातच उभी होती. ती पास झाली होती. प्रमाणपत्र जर्मनीला रवानाही करून आली होती. काकूंनी तिच्या हातावर साखर ठेवली. भाऊ दुकान उघडे टाकून आले.

शिक्षक खुर्चीत बसून होते. त्यांनी अभिनंदन वगैरे काही केले नाही. विचारले, "संग कोण होतं?"

"जालन्याचा पोरगा होता. लई घाबरलेला."

"चुकला?"

"लई."

"अन् तू?"

"ऐकलं मी, काका. त्याले पूर्ण बोलू देल्लं. अडला तवा सोपा प्रश्न विचारला. काल त्याचा मेसेज आला. थो पण पास झाला."

शिक्षकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग खुर्ची ओढून तिच्या अगदी जवळ आणली, उजवा कान पुढे केला आणि आवाज खाली आणून विचारले, "किती?"

"काय किती?"

"चुका. किती केल्या त्यानं?"

करुणाने आमच्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

"सतरा," ती म्हणाली.

त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरले, ते पास झाल्याच्या बातमीने पसरले नव्हते. त्यांनी टेबलावरून शब्दकोश मांडीवर घेतला.

"पहिलीपासून सांग."

ती सांगू लागली. आत काकूंनी चहाच्या आधणात आणखी चार कप पाणी घातले.